खताच्या पोत्यातील जगाचे राजकारण



२०२२ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. आर्द्राचा पाऊस पडून गेला होता आणि पेरणीची घाई सुरू झाली होती. एका गावी मारुतीच्या पारावर आमची सभा भरली होती. मी नेहमीप्रमाणे सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासावी, बियाण्याला औषध कसे चोळावे, हे सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाजूला बसलेले एक आजोबा उठून उभे राहिले.

"साहेब, ते उगवणशक्तीचं राहू द्या. तालुक्याला चार दुकानं पालथी घातली, डीएपीचं पोतं मिळंना. दुकानदार म्हणतो, तिकडं लढाई लागलीय. आता तुम्हीच सांगा, लढाई कुठं अन् माझं वावर कुठं! तिथले तोफगोळे काय डीएपीचे करतात व्हय?"

सारी सभा हसली. मीही हसलो. मग "वरून पुरवठा सुरू आहे, दोन-चार दिवसांत माल येईल," असे आमचे नेहमीचे ठरीव उत्तर देऊन मी पुढचा विषय काढला. आजोबा खाली बसता बसता शेजाऱ्याला म्हणाले, "म्हणजे साहेबालाबी ठाऊक नाही."

ते वाक्य मला फार लागले, कारण ते खरे होते. वीस-पंचवीस वर्षे मी शेतकऱ्यांना खताच्या मात्रा सांगत आलो. एकरी किती, कधी, कसे, हे सारे तोंडपाठ. पण ते पोते येते कुठून, आणि ऐन पेरणीच्या दिवशी नाहीसे का होते, याचा मी नीट विचारच केला नव्हता. आजोबांनी नऊ दिवस डीएपीची वाट पाहिली. तेवढ्यात वाफसा गेला. जुलैत अशी झड लागली की पाभर वावरात घालता येईना. त्यांची पेरणी लांबली आणि उताराही घटला. त्या घटलेल्या उताऱ्यात माझ्या अर्धवट उत्तराचाही वाटा होता, असे मी मानतो. त्यांना तेव्हा द्यायचे राहून गेलेले उत्तर आज आपणा सर्वांना देत आहे.

पोत्यावरचे आकडे काय सांगतात?

आपल्या घरी डीएपीचे रिकामे पोते असेल तर ते उलगडून पाहा. त्यावर १८:४६:० असे आकडे असतात. म्हणजे शंभर किलो खतात १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद आणि पालाश शून्य. युरियाच्या पोत्यात ४६ टक्के नत्र असते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. १०:२६:२६ मध्ये तिन्ही असतात. पिकाचा हा रोजचा वरण-भात-भाजीचा आहार आहे असे समजा. पण या तिन्ही पदार्थांची जन्मगावे वेगवेगळी आहेत, आणि बहुतेक आपल्या देशाबाहेर आहेत. सारे इंगित इथेच आहे.

नत्र : हवेतले, पण वायूच्या जोरावर

आपण श्वास घेतो त्या हवेत जवळजवळ ७८ टक्के नत्रच असते. पण पिकाला ते तसे खाता येत नाही. १९०९ साली फ्रिट्झ हाबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांचा संयोग करून अमोनिया तयार करून दाखवला. कार्ल बॉश या दुसऱ्या जर्मन तंत्रज्ञाने त्याचा कारखाना उभारला. १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे तो सुरू झाला. आजही जगातील युरिया याच रीतीने तयार होतो.

आता आजोबांचा प्रश्न आठवा. तोफगोळे डीएपीचे करतात का? डीएपीचे करीत नाहीत. पण १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा याच अमोनियापासून नत्राम्ल तयार करून जर्मनीने स्फोटके बनवली. शेताला पोसणारा अमोनिया आणि तोफेत भरायची दारू ही एकाच आईची दोन लेकरे आहेत. आजोबा थट्टेत बोलले, पण अगदीच वावगे बोलले नव्हते!

अमोनियासाठी हायड्रोजन लागतो, तो प्रामुख्याने नैसर्गिक वायूतून काढतात. म्हणजे युरिया हा वायूचाच दुसरा अवतार म्हणायला हरकत नाही. वायू महागला की युरिया महागतो, वायू अडला की कारखाना बंद पडतो. आपल्या देशात युरियाचे मोठमोठे कारखाने आहेत. आपल्या महाराष्ट्रात अलिबागजवळ थळ येथे आहे. गोरखपूर, सिंद्री, बरौनी येथील बंद पडलेले कारखानेही अलीकडच्या काळात पुन्हा उभे राहिले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण कारखाना आपला असला तरी त्याच्या पोटात जाणारा वायू सगळा आपला नाही. त्यातला मोठा हिस्सा बर्फाहून कितीतरी थंड करून, द्रवरूपात, जहाजातून कतारसारख्या देशांकडून येतो. चूल आपली, तवा आपला, पण सरपण शेजाऱ्याचे, अशी ही गत आहे.

कतारहून निघालेले जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडते. इराण आणि ओमान यांच्यामधली ही समुद्राची गल्ली अगदी चिंचोळ्या जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा, तसेच जहाजाने विकल्या जाणाऱ्या द्रवरूप वायूचा सुमारे पाचवा हिस्सा एरवी याच गल्लीतून जातो. त्या गल्लीच्या तोंडाशी लढाईची नुसती हूल उठली तरी जगभरच्या बाजारात भाव चढतात. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण यांच्यात बारा दिवस लढाई झाली. तेव्हा इस्राएलकडून मिळणारा वायू थांबला आणि इजिप्तमधील युरियाचे कारखाने बंद ठेवावे लागले. युरियाचा जागतिक भाव लगेच उसळला. लढाईत इजिप्त नव्हता आणि आपणही नव्हतो!

स्फुरद आणि पालाश : खाणीतले धन

स्फुरद खडकातून मिळते. देवाने या खडकाचे वाटप फार विषम केले आहे. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा आफ्रिकेच्या वायव्य टोकाला, मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातील पश्चिम सहारा या भागात आहे. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोट्रा येथे खाण आहे, पण आपली गरज तिच्याने भागत नाही.

डीएपी करायचे म्हणजे हा खडक, तो विरघळवायला गंधकाम्ल आणि वर अमोनिया, एवढे साहित्य लागते. खडक किंवा त्यापासूनचे आम्ल मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल अशा देशांतून येते. गंधक तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून निघते. अमोनिया आखाती देशांकडून येतो. शिवाय तयार डीएपी सौदी अरेबिया, चीन, मोरोक्को आणि रशिया येथून येते ते वेगळेच. चार विहिरींचे पाणी एका रांजणात आणून भरावे तसे हे खत आहे. एका विहिरीचा दोर तुटला तरी रांजण उणा राहतो.

पालाशाची तर आपल्याकडे खाणच चालू नाही. सगळा माल बाहेरून आणावा लागतो. जगात पालाशाचे मोठे धनी तीन : कॅनडा, रशिया आणि बेलारूस. यांपैकी दोघांचे पाश्चात्त्य राष्ट्रांशी वैर. म्हणजे आपल्या उसाच्या, केळीच्या आणि द्राक्षाच्या बागेतील पालाश हा थेट त्या भांडणाच्या बांधावर येऊन बसला आहे.

हे आजचे नाही

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देश आणि इस्राएल यांच्यात युद्ध झाले. अरब देशांनी अमेरिकेला व तिच्या काही मित्रदेशांना तेल देणे बंद केले. तेलाचे पिंप सुमारे ३ डॉलरला मिळत होते, ते काही महिन्यांतच सुमारे १२ डॉलरवर गेले. त्या पाठोपाठ खते महागली. आपला महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून नुकता कुठे सावरत होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

दुसरा धडा माझ्या विद्यार्थिदशेतला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेल महागले, आखातातून आपल्या माणसांनी पाठवायचा पैसा आटला, आणि १९९१ साली देशाच्या तिजोरीत आयातीपुरतेही परकी चलन राहिले नाही. सोने गहाण टाकावे लागले. रुपयाची किंमत उतरवावी लागली. पुढे ऑगस्ट १९९२ मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरील भावाचे नियंत्रण उठवले. ती खते एकदम महाग झाली, युरिया मात्र स्वस्तच राहिला.

मग आपण काय केले? जे स्वस्त ते टाकले! १९९१-९२ मध्ये देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ असे होते. पुढच्याच वर्षी ते ९.५ : ३.२ : १ झाले. साधारणपणे ४ : २ : १ हे चांगले प्रमाण समजले जाते. आखातातल्या लढाईचा ओरखडा असा फिरत फिरत आपल्या जमिनीवर उमटला. पीक हिरवेगार दिसते पण दाणा भरत नाही, ऊस लोळतो, कपाशीवर मावा-तुडतुडे तुटून पडतात, अशा तक्रारी आपण करतो. त्यांतल्या कित्येकांचे मूळ या एकतर्फी युरियात आहे.

२०२१-२२ चे तडाखे

आता आजोबांच्या साली नेमके काय घडले ते पाहू. तडाखे एकावर एक बसले.

पहिला तडाखा वायूचा. २०२१ च्या उत्तरार्धात युरोपात वायूचे भाव भडकले आणि तेथील अमोनियाच्या कारखान्यांनी उत्पादन कमी केले. दुसरा चीनचा. ऑक्टोबर २०२१ पासून चीनने खतांच्या निर्यातीवर तपासणीचे कडक निर्बंध घातले. आपल्या शेतकऱ्याला माल पुरावा हा त्यांचा हेतू. त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही, पण आपल्याकडे येणारा माल आटला. तिसरा बेलारूसचा. हा देश समुद्रापासून दूर आहे. त्याचा पालाश शेजारच्या लिथुआनियातून रेल्वेने बंदरावर जात असे. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने ती वाट बंद केली.

आणि चौथा, सगळ्यांत मोठा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. रशिया हा तिन्ही प्रकारच्या खतांचा जगातील बडा विक्रेता. रशियातील तोल्यात्ती शहरापासून युक्रेनच्या ओडेसा बंदरापर्यंत अमोनिया वाहून नेणारी सुमारे अडीच हजार किलोमीटरची नळवाहिनी होती, ती बंद पडली. जहाजांना विमा मिळेना, बँका पैसे पाठवेनात. २०२० साली जागतिक बाजारात टनाला सरासरी सव्वादोनशे-अडीचशे डॉलरच्या घरात असलेला युरिया एप्रिल २०२२ मध्ये ९०० डॉलरच्या वर गेला.

भगिनींनो, याच दिवसांत आपल्या स्वयंपाकघरातही हीच लढाई शिरली होती, आठवते ना? युक्रेन हा सूर्यफूल तेलाचा सर्वांत मोठा विक्रेता. तेथून माल येईना. त्यात इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद ठेवली. आपला देश खायच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. म्हणून फोडणीचे तेल आणि पेरणीचे खत दोन्ही एकाच वेळी रुसून बसली.

भाव वाढत नाही, तेव्हा माल नाहीसा होतो

इथे कोणी विचारील, "साहेब, जगात भाव चौपट झाला, पण आम्हाला युरिया तर त्याच किमतीला मिळत होता. मग अडचण काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि याचे उत्तर समजले की दुकानातील टंचाईचे कोडे उलगडते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत सरकार ठरवते. ती कित्येक वर्षे सुमारे २६६ रुपयांवरच राहिली. वरचा सगळा भार सरकारी अनुदान सोसते. डीएपी, पालाश आणि मिश्रखतांचे तसे नाही. एप्रिल २०१० पासून त्यांच्यासाठी अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आहे. दर किलो नत्राला, स्फुरदाला, पालाशाला इतके अनुदान, असे सरकार वेळोवेळी ठरवते.

२०२० साली डीएपीच्या पोत्याची खरी किंमत १७०० रुपये होती. सरकार ५०० रुपये देई, आपण १२०० देत होतो. २०२१ मध्ये खरी किंमत २४०० झाली. तेव्हा १९ मे २०२१ रोजी सरकारने अनुदान ५०० वरून १२०० रुपये केले, म्हणून आपल्याला पोते १२०० लाच मिळाले. पुढे ते १३५० झाले. २०२२-२३ या एका वर्षात देशाच्या खतअनुदानाचा आकडा सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेला. हा पैसाही आपल्याच देशाच्या तिजोरीतला, हे विसरू नये.

आता समजा, जगातला भाव आणखी वाढला, अनुदान वाढायला उशीर झाला, आणि दुकानातली किंमत तर वाढवायची नाही. मग माल आणणाऱ्या कंपनीला प्रत्येक पोत्यामागे तोटा. तोट्यात कोण माल आणील? ती हात आखडता घेते. म्हणजे इतर वस्तूंची टंचाई आपल्याला चढ्या भावातून कळते, खताची टंचाई रिकाम्या गोदामातून कळते. २०२४ च्या रब्बीत देशात अनेक ठिकाणी डीएपीची ओरड झाली, तिचे एक मोठे कारण हेच होते. चीनकडून येणारा माल घटला होता. त्यात नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केल्यामुळे कित्येक जहाजे सुएझ कालव्याची जवळची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घालून येत होती. आठ-पंधरा दिवस अधिक आणि भाडेही अधिक.

अशा वेळी काही दुकानांत काय चालते, तेही आपणास ठाऊक आहे. "डीएपी हवे तर ही बाटलीही घ्या," असे गळ्यात मारतात. तसे करण्याचा कोणाला अधिकार नाही. पण ज्याला उद्या पेरायचे आहे तो वाद घालत नाही, पैसे मोजतो. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. मी म्हणेन, अक्कल असते, वेळ नसतो.

श्रीलंकेचा धडा

"मग टाकूच नका ना रासायनिक खत!" असे काही मंडळी सांगतात. त्यांनी श्रीलंकेकडे पाहावे. परकी चलन वाचवायचे आणि सारा देश सेंद्रिय करायचा, म्हणून तेथील सरकारने २०२१ च्या वसंतात रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. शेतकऱ्यांची तयारी नव्हती, सेंद्रिय खताचा पुरेसा साठा नव्हता. भात घटला, चहा घटला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी मागे घ्यावी लागली. भाताच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा असलेला देश तांदूळ आयात करू लागला. देशाच्या दिवाळखोरीला इतरही कारणे होती, पण या एका फटक्याने जखमेवर मीठ चोळले. जुलै २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले.

सेंद्रिय खत वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. जमिनीची सवय वर्षानुवर्षांची असते, ती एका हुकमाने मोडत नाही, हा त्याचा अर्थ. पायरी पायरीने उतरावे, उडी मारू नये.

मग आपल्या हाती काय?

त्याच २०२२ साली, त्याच गावात, आजोबांच्या शेजारचे शेत एका वहिनींचे होते. नवरा पुण्याला कामाला, शेत त्याच पाहतात. डीएपी मिळत नाही म्हटल्यावर त्या दुकानात रिकाम्या हाताने थांबल्या नाहीत. बचत गटाच्या वहीत त्यांनी माझ्या जुन्या एका सभेतले आकडे उतरवून ठेवले होते. त्यांनी सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती आणि थोडा युरिया एकरी टाकून वाफशावरच पेरणी उरकली. माझेच आकडे त्यांच्या उपयोगी पडले, आणि सभेत मला ते सुचले नाहीत! म्हणून आज ते इथे मुद्दाम लिहितो. वहीत उतरवून घ्या.

डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असते. म्हणजे ५० किलोची तीन पोती घेतली तर २४ किलो स्फुरद झाले. नत्रासाठी २० किलो युरिया घेतला की ९ किलो झाले. हिशेब जुळला! वर सुपर फॉस्फेटमधून सुमारे १६ किलो गंधक फुकट मिळते, ते सोयाबीन, भुईमूग, करडई अशा गळिताच्या पिकांना फार मानवते. दुकानातील त्या दिवसाचे भाव मांडून दोन्ही खर्च ताडून पाहा. एक लक्षात ठेवा, युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका. मिश्रणाला पाणी सुटते. टाकायच्या वेळीच मिसळा.

दुसरे, पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू खत लावा. सोयाबीनला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दर १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम. आधी बुरशीनाशक चोळावे, ते सुकल्यावर जिवाणू खत लावावे, आणि बियाणे सावलीत वाळवावे. वर्षानुवर्षे टाकलेल्या स्फुरदापैकी बराचसा आपल्या जमिनीत अडकून पडलेला असतो. तो मोकळा करायला हे जिवाणू मदत करतात. मोरोक्कोहून आलेले, पैसे मोजून विकत घेतलेले स्फुरद आपल्याच वावरात कुलूपबंद आहे, त्याची किल्ली एवढी स्वस्त!

तिसरे, माती तपासा. उन्हाळ्यात, खते टाकण्यापूर्वी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. प्रत्येक खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून गोळा करा. ती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असे करीत अर्धा किलो ठेवा. बांधाजवळची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका. ज्या जमिनीत पालाश मुळात भरपूर आहे तिथे शेजाऱ्याने टाकला म्हणून टाकणे, म्हणजे कॅनडाच्या खाणवाल्याला उगाच दक्षिणा देणे होय.

चौथे, शेणखत. एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतातून सुमारे ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ५ किलो पालाश मिळते. पण उघड्या उकिरड्यावर उन्हात वाळलेल्या, पावसात धुपलेल्या खतात यातले निम्मेही उरत नाही. खड्डा करा, वर मातीचा थर द्या. बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला शेतात पडू द्या. पाण्याची सोय असेल तिथे ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात येताच गाडा. या वायूला होर्मुझची गल्ली ओलांडावी लागत नाही.

पाचवे, युरिया एकदम ओतू नका. दोन-तीन हप्त्यांत विभागून, जमिनीत ओल असताना द्या आणि मातीआड करा. उघड्यावर पडलेला युरिया हवेत उडून जातो. हवेतून काढलेले नत्र पुन्हा हवेलाच परत!

आणि सहावे, खरेदीचे नियोजन. मृगाच्या आदल्या दिवशी दुकान गाठण्यापेक्षा चार-सहा घरांनी गट करून एप्रिल-मेमध्येच गरजेपुरता माल घ्यावा. गरजेपुरताच. साठा करणारा शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याची पेरणी अडवतो. अंगठा लावल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या आणि पोत्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जादा देऊ नका.

बातमी ऐकताना

रेडिओवर परदेशी लढाईची बातमी लागली की आपण उठून आवाज कमी करतो. यापुढे तसे करू नका. आखातात काय चालले आहे, चीनने निर्यात उघडली की बंद केली, डॉलरला किती रुपये मोजावे लागतात, तांबड्या समुद्रातून जहाजे सुरळीत येतात का, हे आता पाऊसपाण्याइतकेच आपल्या कामाचे झाले आहे. सरकारही हात बांधून बसलेले नाही. जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदी अरेबियाशी पाच वर्षे दरसाल ३१ लाख टन डीएपी घेण्याचा करार केला. असे करार हवेतच. पण कराराचा माल बंदरावर उतरतो, आपल्या वावरात नाही. वावरातले शहाणपण आपणच करायचे.

मागील वर्षी मी त्या गावी पुन्हा गेलो होतो. आजोबा पारावरच भेटले. मी हे सारे त्यांना सांगितले, अमोनियाच्या दोन लेकरांची गोष्टही सांगितली. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "साहेब, तीन वर्षं उशिरा का होईना, उत्तर आणलंत. आता लढाई थांबवणं काही आपल्या हातात नाही. पण वाफसा आला की पेरायचं, कुणाची वाट बघायची नाही, एवढं ध्यानात ठेवलंय."

त्यांच्या घरच्या सुनेने त्या वहिनींच्या वहीतले आकडे कोनाड्याशेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते. तीन पोती, वीस किलो. बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्याही घरी एखादी भिंत मोकळी असेलच!